शांताक्का आणि दोन डिस्क

शांताक्का खरात आमच्या केंद्रात आल्या की आधी पंखा बंद करायच्या. मे महिना असो, माणसं घामानं निथळत असोत, सर्व्हरच्या खोलीत पाऊल टाकलं की त्यांचा पहिला हात भिंतीवरच्या बटणाकडं जायचा. मग एसी. "गप ऱ्हावा जरा. आवाज ऐकू द्या," म्हणायच्या आणि मान कलती करून कोपऱ्यातल्या काळ्या पेटीसमोर उभ्या राहायच्या. कधी अर्धा मिनिट, कधी पाच मिनिटं. त्या वेळात कुणी खोकलं तरी मागं न बघता हात वर करायच्या.

मी मिरजेत एका छोट्या रेडिएशन केंद्रात तंत्रज्ञ आहे. कॅन्सरच्या पेशंटला किरणांचे उपचार देण्याचं मशीन चालवते. आमच्याकडं येणारे लोक त्याला 'शेक' म्हणतात. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडचं अथणी, कुठून कुठून पहाटेच्या गाडीनं माणसं येतात. प्रत्येकाला किती शेक, कुठल्या कोनातून, किती मात्रेचा, हे सगळं त्या काळ्या पेटीत असतं. ती पेटी नीट राहावी म्हणून आठवड्यातून एकदा शांताक्का सांगलीहून यायच्या.

त्या मूळच्या माण तालुक्यातल्या. घरी मेंढरं होती. दिवाळी झाली की वडील कळप घेऊन घाटाकडं निघायचे आणि मागोमाग सगळं कुटुंब. मावशीनं हट्टानं कोरेगावला ठेवून घेतलं म्हणून त्या शिकल्या, आयटीआय केलं, आणि टेलिफोन खात्यात लागल्या. एक्स्चेंजमध्ये तेव्हा बायका होत्या त्या ऑपरेटर. यंत्रांच्या खोलीत हातात पकड घेतलेल्या या एकट्याच. पुढं एक्स्चेंज आटत गेली. त्यांनी लवकर निवृत्ती घेतली आणि कॉम्प्युटर दुरुस्तीला लागल्या. नवरा लष्करात होता, तो गेला. एक मुलगी, तिचं लग्न झालेलं. यापलीकडचं मला फारसं माहीत नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

त्यांना बसवत नसे. खुर्ची दिली तर तिच्यावर पिशवी ठेवायच्या. चहा उभ्यानं, जेवण खिडकीच्या कट्ट्याला टेकून. फोनवर बोलताना व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. बोटांत कायम एक काळा मार्कर असायचा, त्याचं टोपण काढायचं, घालायचं, काढायचं. टक्, टक्. किरणांच्या मात्रेचा हिशेब करणाऱ्या आमच्या फिजिसिस्ट देशपांडे सरांना त्या आवाजानं तो चुकेल अशी भीती वाटायची. पण त्या मार्करनं लिहिलेल्या चिठ्ठ्या सगळ्या केंद्रात होत्या. प्रत्येक वायरवर, प्रत्येक प्लगवर. 'ही ओढू नये.' 'ही पण.' काळ्या पेटीवर मोठ्या अक्षरात त्यांचा नंबर आणि खाली: 'काय बी झालं तर आधी फोन. मग बाकीचं.'

मी एकदा सांगलीला त्यांच्या घरी गेले होते. तिथंही तेच. स्वयंपाकघरात डब्यांवर तारखा, मीटरच्या खाली कुठलं बटण कुठल्या खोलीचं ते लिहिलेलं. शेजारीण मला हसत सांगत होती, "पूर आला तवा आमी टीव्ही उचलत होतो आणि ह्या बाई गल्लीतल्या समद्यांची कागदं पिशवीत घालून नावं लिहीत फिरत होत्या." आक्का आतून म्हणाल्या, "टीव्ही परत मिळतोय. सातबारा कुणाच्या घरचा कुणाला गेला तर काय करशील?"

मिरजेत तंतुवाद्यं बनवणारे एक कारागीर आहेत. त्यांच्या जावयानं त्यांना एक जुना कॉम्प्युटर आणून दिला होता, तो बंद पडला. आक्कांनी तो दुपारभर राबून सुरू करून दिला. काय द्यायचं विचारल्यावर म्हणाल्या, "त्यो तंबोरा वाजवून दावा. पंखा बंद करून." कारागिरांनी तारा छेडल्या. आक्का उभ्याच होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तिसरी तार जराशी बसलीया." ते म्हातारे गृहस्थ तंबोऱ्यावर वाकले. मग त्यांनी तारेत ओवलेला मणी सरकवला आणि तार खरंच वर आली. तेव्हापासून आक्का कधीही त्यांच्या दुकानावरून गेल्या की ते कामावरून उठून बाहेर यायचे.

ज्या दिवसाबद्दल मला सांगायचं आहे तो मे महिन्यातला मंगळवार होता. सकाळी पावणेनऊला पहिल्या पेशंट बाईंचा शेक संपला, त्या टेबलावरून उतरल्या, आणि दिवे गेले. बाहेर गटारासाठी रस्ता खणत होते, त्यात मुख्य केबल तुटली. यूपीएसनं पाचेक मिनिटं धरलं आणि तो खाडकन बंद पडला. जनरेटर सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. या दोन धक्क्यांनंतर सव्वानऊला सगळं परत आलं. काळी पेटी तेवढी आली नाही.

त्या पेटीत दोन डिस्क होत्या. एकीवर जे लिहिलं जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवर लिहिलं जायचं, एक गेली तरी दुसरी असावी म्हणून. आता पडद्यावर एकच प्रश्न होता. दोन्ही डिस्कवरचा मजकूर जुळत नाही, कुठली खरी धरायची? डावी, की उजवी? जी खरी म्हणाल तिची नक्कल दुसरीवर होणार. डावीवर आधीच खूण होती. फक्त एंटर दाबायचं बाकी.

आमचे व्यवस्थापक पाटीलसाहेब माझ्यामागं उभे होते. त्यांच्या कानाला फोन, पलीकडं पेटी विकणाऱ्या कंपनीचा पुण्यातला इंजिनिअर. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, जी सिलेक्ट झालेली आहे तीच राहू द्या आणि एंटर मारा," तो म्हणाला. "तासाभरात चालू होईल."

"मारा की," पाटीलसाहेब म्हणाले. "बाहेर तीस माणसं बसलीयत."

माझं बोट एंटरवर होतं. खरंच होतं. समोर पेटीवरची ती मार्करची अक्षरं दिसली म्हणून मी दुसऱ्या हातानं मोबाइल उचलला.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बोट कुठं हाय तुझं?"

"कीबोर्डवर."

"काढ. दोनी हात मागं घे. साहेबांना बी घ्यायला सांग. मी निघाले."

मी हात मागं घेतले. पाटीलसाहेबांनी घेतले नाहीत, पण ते कीबोर्डपासून दोन पावलं लांब गेले.

बाहेरच्या बाकांवर माणसं चुळबुळत होती. पहिल्या बाकावर शिंदे हवालदार होते. जत तालुक्यातले, लष्करातून निवृत्त, गळ्याचा कॅन्सर. तेहतीस शेकांपैकी सत्तावीस झाले होते. बोलता येत नव्हतं म्हणून बायको त्यांच्यासाठी पाटी-पेन्सिल घेऊन यायची. त्यांनी पाटी माझ्यासमोर धरली. 'आज होणार का?'

मी म्हटलं, "बघू या."

मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं की कागदावर मोजकेच आकडे असतात, पेटीतलं गेलं तर त्यांचं पुन्हा स्कॅनिंग, पुन्हा आखणी, आठ-दहा दिवस तरी खंड. या आजारात मधेच खंड पडणं वाईट. जे मारत आणलं ते पुन्हा डोकं वर काढायला लागतं. आणि असे फक्त शिंदे नव्हते, तीस जण होते.

पाऊण तासात आक्का आल्या. घामाघूम. "पुलावर गाड्या तटल्या, मग चालतच सुटले," म्हणाल्या. पाणी दिलं ते घेतलं नाही. पंखा बंद. पडद्यावरचा प्रश्न वाचला, त्याचा मोबाइलवर फोटो घेतला, आणि उत्तर न देता पेटी बंद केली. दोन्ही डिस्क बाहेर काढल्या. मार्करनं एकीवर 'डावी' लिहिलं, दुसरीवर 'उजवी', खाली तारीख आणि वेळ.

"बाई, हे काय चाललंय?" पाटीलसाहेब म्हणाले. "कंपनीचा माणूस तासाभरात चालू होईल म्हणतोय."

"व्हईल की. चुकीची बी तासाभरातच चालू व्हईल."

"मग तुमचं किती वेळ?"

"पैल्यांदा दोनींची नक्कल काढायची. जशीच्या तशी. मूळ डिस्कला परत हात लावायचा न्हाई. काय चुकलं तर नकलीवर चुकंल. सांज व्हईल."

"सांज!" साहेबांचा आवाज चढला. "ती बाहेर बसलेली माणसं तुम्ही बघितलीत का?"

आक्का त्यांच्याकडं वळल्या. "बगितली. म्हणूनच सांगतीया."

मग त्यांनी पिशवीतून दोन नव्या कोऱ्या डिस्क आणि तळहाताएवढी दोन उपकरणं काढली. त्या उपकरणांतून डिस्क फक्त वाचता येते, तिच्यावर काही लिहिलं जात नाही. डावी आणि उजवी दोन वेगवेगळ्या लॅपटॉपना जोडली. नक्कल सुरू झाली. आणि आक्कांच्या फेऱ्या सुरू झाल्या. खोलीपासून व्हरांड्याच्या टोकाला, तिथून परत. शिंदे हवालदारांची मान त्यांच्याबरोबर इकडून तिकडं फिरत होती. दुपारी बाकीच्या पेशंटना आम्ही घरी पाठवलं. शिंदे गेले नाहीत. जतला जाऊन उद्या परत येण्यापेक्षा इथंच थांबतो असं त्यांनी पाटीवर लिहिलं.

डावीची नक्कल विनातक्रार पुढं सरकत होती. उजवी दोनच्या सुमाराला अडली. आतून आवाज यायला लागला, नखानं पत्रा खरवडल्यासारखा. आक्का धावत आल्या, कान लावला, आणि त्यांनी स्वतःच बंद केलेला एसी लावायला सांगितला. टेबलफॅन आणून उजवीच्या तोंडाशी ठेवला.

"तापलीया. जितं अडतंय ती जागा सोडून फुडं जाऊ दे. शेवटी परत येऊ तितं," म्हणाल्या. मार्करचं टोपण निघत होतं, लागत होतं.

डावीची नक्कल आधी संपली. आक्कांनी ती फक्त वाचण्यापुरती उघडली आणि मला जवळ बोलावलं. "ह्यातला शेवटचा पेशंट कोण, बघ."

मी बघितलं. कुपवाडच्या एक बाई. त्यांचे सगळे शेक होळीच्या आधीच संपले होते.

"आक्का, हे तर फेब्रुवारीतलं आहे."

त्यांनी डोळे मिटले. "म्हंजी डावी तवाच फुटून बाजूला झाली. तीन म्हैने समदं उजवी एकटीच लिहीत हुती. आज लाईट जाऊन आली, तशी डावी परत जागी झाली आणि म्हणतीया मीच खरी."

मी ज्या एंटरवर बोट ठेवलं होतं ते फेब्रुवारीवरचं एंटर होतं. शिंदे हवालदारांचं नाव त्यात नव्हतंच. त्यांच्यासारखे बहुतेक जण त्यात नव्हते.

"पर डिस्क फुटली की ही पेटी बोंबलती," आक्का म्हणाल्या. "बारीक भोंगा हाय हिला. मी दर आठवड्याला ऐकतीया, मला कसा न्हाई आला ऐकू? कुणी बंद केला?"

मी बंद केला होता. फेब्रुवारीत एका सकाळी पेटी पी-पी करायला लागली. शेजारच्याच खोलीत एक लहान मुलगी शेकाला घाबरून रडत होती आणि त्या आवाजानं आणखी बिथरत होती. पडद्यावर 'आवाज बंद करा' असं बटण आलं, मी दाबलं. आक्का आल्या की सांगायचं ठरवलं आणि विसरून गेले.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. वाटलं होतं, त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. व्हरांड्यात निघून गेल्या. एक फेरी, दुसरी फेरी. मग खिडकीपाशी मला बोलावलं.

"दहिवडीकडं एक मास्तर हुते," त्या म्हणाल्या. "रिटायर झाल्यावर गावोगाव फिरून म्हाताऱ्यांच्या जात्यावरच्या ओव्या टेप करायचे. मीच समदं कॉम्प्युटरवर घालून दिल्यालं. दोन डिस्क लावून. अशीच एकदा लाईट गेली. मी गेले. मला साताऱ्याची गाडी गाठायची हुती. हाच प्रश्न आला पडद्यावर. मी न बघता एंटर मारलं."

"मग?"

"सात म्हैन्यांच्या ओव्या गेल्या. माज्या डोळ्यांदेखत पुसल्या, चाळीस मिंटं लागली. त्यातल्या दोघी म्हाताऱ्या तवर मेल्या हुत्या. मास्तरांनी काय केलं? च्या दिला मला. त्यो तसाच निवला." मग म्हणाल्या, "त्या दिवसापासनं मला गाडी गाठायची नसती."

मग त्या लगेच आत वळल्या. जाताजाता म्हणाल्या, "साहेबांना तूच सांग. मी सांगायची न्हाई."

मी सांगितलं. पाटीलसाहेब खिडकीतून बाहेर खणलेल्या रस्त्याकडं बघायला लागले. मग म्हणाले, "यूपीएसच्या बॅटऱ्या बदला म्हणून जानेवारीत पत्र आलं होतं. माझ्याच टेबलावर आहे." त्यानंतर ते आक्कांना 'किती वेळ' असं विचारायला आत आले नाहीत. एकदा आले ते चहा घेऊन.

पाचच्या सुमाराला उजवीची नक्कल शेवटाला आली. सोडलेल्या जागांवरून ती परत एकदा गेली. बहुतेक जागा या वेळी वाचल्या गेल्या, दोन-तीन राहिल्या. आक्कांनी त्या नकलेची आणखी एक नक्कल केली आणि तिच्यावर दुरुस्ती चालवली. मग पडदा माझ्याकडं वळवला.

सगळी नावं होती. मी शिंदे उघडले. सत्तावीस शेक, कालची तारीख. माझ्या डोळ्यात पाणी आलं. आक्का मात्र तशाच ताठ.

"रडू नको, तपास. एकेक. कागदाशी लावून."

देशपांडे सर आणि मी एकतीस फायली काढून बसलो. छापलेल्या कागदांवरचे आकडे आणि पडद्यावरचे आकडे, एकेक करून. तीस जुळल्या. एकतिसावी त्या सकाळच्या पहिल्या बाईंची. त्यांना शेक मिळाला होता, पण दिवे गेल्यामुळं नोंद अर्धवट राहिली होती. पेटीच्या मते त्यांचा त्या दिवशीचा शेक झालेलाच नव्हता. तसंच सोडलं असतं तर त्यांना एक शेक जास्तीचा बसला असता. मशीनच्या खोलीतल्या वहीत माझी सही होती, त्यावरून सरांनी नोंद पुरी केली आणि खाली दोघांच्या सह्या घेतल्या.

दुरुस्त केलेली नक्कल उतरवून आणखी दोन नव्या डिस्क त्या रात्री पेटीत गेल्या. सकाळी सगळं पुरं झालं तेव्हा आक्कांनी काय करावं? चालू पेटीतून एक डिस्क सरळ ओढून बाहेर काढली. देशपांडे सर ओरडलेच. पेटी पी-पी करायला लागली. आक्का तो आवाज ऐकत उभ्या राहिल्या आणि त्यांनी मशीनवर काम करणाऱ्या प्रत्येकाला, झाडूवाल्या मावशींनासुद्धा, बोलावून तो ऐकवला. मगच डिस्क परत आत सरकवली. जुन्या डावी आणि उजवीला एका पाकिटात घालून वर लिहिलं, 'वर्षभर हात लावू नये.' आणि साहेबांकडून कबूल करून घेतलं की यापुढं रोजची एक प्रत दुसऱ्या इमारतीत जाईल. "दोन डिस्क म्हंजी दोन प्रती न्हवं," त्यांना त्या सांगत होत्या. "एकीत चुकलं की दुसरीत बी त्याच घटकंला चुकतंय."

शिंदे हवालदारांना बुधवारी अकराला अठ्ठाविसावा शेक मिळाला. हुकलेला एक दिवस शनिवारी भरून काढला.

पुढच्या वर्षी आक्कांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी मार्करची अक्षरं वाकडी आली, मग स्क्रू हातातून पडायला लागले. मिरजेतल्याच एका डॉक्टरांनी कंपवाताचं निदान केलं. मुलगी त्यांना शिरवळला घेऊन गेली. जाण्याआधी त्यांनी पेटीचं काम मला आणि देशपांडे सरांना सहा आठवडे शिकवलं. आमच्यापैकी कुणी घाई केली की टेबलावर थाप मारायच्या.

गेल्या हिवाळ्यात मी पुण्याहून परतताना शिरवळला उतरले. कारखान्यांच्या मागच्या बाजूला नव्या इमारती झाल्यात, त्यातल्या एकीत मुलीचा फ्लॅट. मुलगी कामावर होती. आक्कांनी दार उघडलं आणि मला आत घेण्याआधीच विचारलं, "हवालदार कसा हाय?"

मी म्हटलं, "गेल्या महिन्यात तपासणीला आले होते. चांगले आहेत. आवाज परत आलाय, थोडा घोगरा."

"काय बोलला?"

"बायकोला ओरडत होते, फाईल घरी विसरली म्हणून."

आक्का तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

मला सोडायला त्या हायवेपर्यंत आल्या. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. माझ्यापेक्षा पुढंच चालत होत्या. तिथं एसटीचा थांबा नव्हता, थांबा लांब होता, आणि गाड्या सुसाट निघून जात होत्या. साताऱ्याची एक एसटी येताना दिसली. आक्का सरळ रस्त्याच्या कडेला पुढं झाल्या आणि त्यांनी उजवा हात वर केला. तो जोरजोरात हलत होता, त्यांच्या ताब्यात नव्हता. ड्रायव्हरला काय वाटलं कोण जाणे, त्यानं करकचून ब्रेक लावला.

"चढ, चढ," आक्कांनी मला पाठीमागून ढकललं.

कंडक्टर वैतागला होता. मी मागच्या काचेपाशी पोचेपर्यंत गाडी निघाली होती. बाहेर बघितलं तर आक्का निरोपाला थांबलेल्याच नव्हत्या. पदर कमरेला खोचून, समोरून येणाऱ्या ट्रकांच्या अगदी कडेनं, त्या झपाझप परत निघाल्या होत्या.